घर मावेल एवढी गाडी

आमच्या पेठ वडगावात नवी गाडी घेणाऱ्याला पूर्वी ‘कुठली घेतली?’ असे विचारत. आता ‘केवढी घेतली?’ असे विचारतात. प्रश्नातला हा बदल गेल्या दहा-बारा वर्षांतला. छोटी गाडी घेणारा पहिल्या प्रश्नाला खुशीत उत्तर देई, दुसऱ्याला जरा दबकून देतो. ज्याची ऐपत थोडी वाढली आहे तो उंच, रुंद, दणकट दिसणाऱ्या एसयूव्हीकडे वळतो आणि तिथे पुन्हा त्याच प्रश्नाशी अडखळतो. मधल्या आकाराची घ्यावी की पूर्ण मोठी?

हा विषय साहित्याच्या वार्षिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला तो यंत्राइतकाच घराचा प्रश्न वाटतो. म्हणून गेली दोन वर्षे मोजपट्टी, कराची परिपत्रके, अपघात-चाचण्यांचे अहवाल आणि गावातल्या गाडीवाल्यांच्या गप्पा यांच्या आधाराने मी त्याचा माग काढतो आहे. मी अभियंता नाही. पण आमच्या आठवडी बाजारात खोंड विकत घेणारा शेतकरीही पशुवैद्य नसतो. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न टाकतो तो कामाचा. नांगराला की गाडीला? गाडीच्या शोरूममध्ये मात्र हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

आधी शब्द पाहू. ‘मिडसाइज’ आणि ‘फुलसाइज’ हे अमेरिकेतून आलेले शब्द. तिथे शेवरले कंपनीची सबर्बन १९३५पासून त्याच नावाने निघते. आजची सबर्बन साडेपाच मीटरहून लांब आहे. तिच्या शेजारी आपली स्कॉर्पिओ-एन उभी केली तर ती घरातल्या मधल्या पोरासारखी दिसेल, आणि क्रेटा धाकट्यासारखी. म्हणजे ‘मोठी’ हे मोजमाप रस्त्याच्या, खिशाच्या आणि शेजाऱ्याच्या मानाने ठरते. आपल्याकडे बोली व्यवहारात मधली म्हणजे क्रेटा, सेल्टोस, ग्रँड व्हिटारा यांच्या पंगतीतली, पाच माणसांची. आणि मोठी म्हणजे स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, सफारी, पुढे फॉर्च्युनर, सहा-सात माणसांची. या लेखात मी तेच अर्थ धरले आहेत.

आता आकडे. क्रेटाची लांबी ४,३३० मिलिमीटर, रुंदी १,७९०, उंची १,६३५. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४,६६२, रुंदी १,९१७, उंची १,८५७. सफारी लांबीरुंदीने तिच्याच जवळपास. वजाबाकी केली तर लांबीत फूटभराहून थोडा जास्त, रुंदीत पाच इंच आणि उंचीत पाऊण फूट फरक पडतो. कागदावर एवढेच. या फूटभरासाठी आणि पाच इंचांसाठी माणसे चार-पाच लाख रुपये जादा मोजतात, तेव्हा त्या इंचांच्या मागे काहीतरी दुसरे असणार.

ते ‘दुसरे’ समजायला आमच्या भागाचा वाहनांचा इतिहास पाहावा लागतो. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या काळात आमच्याकडे जीप म्हणजे सरकारी साहेब किंवा साखर कारखान्याचा शेती अधिकारी. सामान्य माणूस जीपमध्ये बसला तो वडापमध्ये. ‘वडाप’ हा कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगतो. एसटीची वाट न पाहता फाट्यावरून माणसे भरून नेणारी खासगी जीप, कमांडर किंवा ट्रॅक्स, म्हणजे वडाप. ती वेळेवर सुटत नसे, भरली की सुटे. आणि ‘भरली’ याला व्याख्या नव्हती. मागच्या दाराला लटकणारा माणूससुद्धा ‘अजून एक बसतोय’ म्हणायचा. मोठ्या गाडीत किती माणसे मावतात याचा आमचा अंदाज या शाळेत तयार झालेला आहे.

१९९४ साली टाटांची सुमो आली. तिचे नाव टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या अक्षरांवरून पडले असे सांगतात. सुमोत दहा माणसे कायदेशीर बसत, लग्नाच्या वऱ्हाडात किती बसत ते विचारू नये. २००० साली क्वालिस आणि बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ. स्कॉर्पिओने मोठी गाडी भाड्याच्या धंद्यातून काढून घरासमोर आणली. मग २०१२ साली डस्टर आणि २०१५ साली क्रेटा आली, आणि मोठी दिसणारी पण पाच माणसांचीच गाडी हा नवा प्रकार रुजला. अंगाने एसयूव्ही, पोटाने मोटारकार. जाता जाता एक नोंद: स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, सफारी या मोठ्या गाड्या चाकण-पिंपरीच्या, तर मधल्या बहुतेक दक्षिणेतल्या. क्रेटा चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरची, सेल्टोस आंध्रातल्या अनंतपूरची, ग्रँड व्हिटारा बंगळूरजवळच्या बिडदीची.

गाड्यांचे आकार आपल्याला वाटते तसे गिऱ्हाइकाच्या आवडीने ठरत नाहीत. ते करखात्यात ठरतात. अमेरिकेत १९७५च्या इंधनबचत कायद्याने मोटारींना कडक आणि ‘हलक्या ट्रक’ना सैल नियम लावले. कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर घरच्या गाड्या बांधायला घेतल्या आणि तिथली एसयूव्ही फोफावली. आपल्याकडे २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १,२००पर्यंत सीसीच्या पेट्रोल आणि १,५००पर्यंत सीसीच्या डिझेल गाड्यांचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आणले. तेव्हापासून आपल्या गाड्यांच्या शेपट्या तुटू लागल्या. खुद्द बोलेरोसुद्धा २०१६ साली चार मीटरच्या आत आली, ३,९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर हाताशी ठेवून! जीएसटीच्या काळात चार मीटरहून लांब, १,५०० सीसीहून मोठ्या आणि तळापासून जमिनीपर्यंत १७० मिलिमीटर किंवा जास्त मोकळीक असलेल्या गाडीला २८ टक्के कर अधिक २२ टक्के उपकर असे, म्हणजे एकूण ५०. मधल्या आकाराच्या दीड लिटरच्या गाडीला ४५. हे पाच टक्के मधल्या गाडीच्या बाजूने होते.

२०२५ साली २२ सप्टेंबरपासून उपकर गेला. छोट्या गाडीला १८ टक्के, बाकी सगळ्यांना सरसकट ४०. म्हणजे क्रेटा आणि फॉर्च्युनर आता एकाच पायरीवर आहेत. मोठी गाडी टक्केवारीने जास्त उतरली, मधली कमी. त्या वर्षी दसऱ्याला ‘आता मोठीच घ्या, फरक कमी झालाय’ हे वाक्य वडगावात मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले. त्यातल्या दोघांना गाडी घ्यायची नव्हती.

फरक कमी झाला म्हणजे गरज वाढली असे होत नाही. हे पाहण्यासाठी एक घर घेतो. आमच्याच गल्लीतले, नाव देत नाही. दोन भाऊ. थोरल्याचे शेती औषधांचे दुकान, धाकटा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. त्यांची सत्तरी ओलांडलेली आई. दोघांच्या बायका. थोरल्याची अकरा वर्षांची मुलगी, धाकट्याचे आठ आणि पाच वर्षांचे मुलगे. एक चूल, एक जुनी छोटी गाडी. ती आता थकली. नवी गाडी ‘सगळं घर मावेल’ अशी घ्यायची, हा आईचा आग्रह. मोजमाप करायला त्यांनी मला बोलावले, कारण गल्लीत मोजपट्टी घेऊन हिंडणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे.

माणसे मोजली. आठ. मोठी गाडी सातांची. ही वजाबाकी घरातल्या कुणी केली नव्हती, कारण वडापच्या हिशेबात पोरे धरत नाहीत. पाच वर्षांचा धाकटा मांडीवर बसेल, असे गृहीत होते. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ‘१९४ ब’ हे कलम आले, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आपटून थांबते तेव्हा अठरा किलोचे पोर काही क्षण अनेक पट जड होते. त्याला कुठलीच आई हातांनी धरू शकत नाही, आणि आईलाच पट्टा नसेल तर मधे सापडते ते पोर. आणखी एक बाब विम्याची. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे बसवली असतील तर विमा कंपनीची जबाबदारी तेवढ्याच संख्येपुरती धरावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात घेतली. तो खटला बसचा होता. तत्त्व घरच्या गाडीलाही विचार करायला लावणारे आहे.

म्हणजे ज्या कारणासाठी मोठी गाडी घ्यायची, तेच कारण ती पुरे करत नाही. आठ आसनांची इनोव्हा मिळते, पण ती त्यांच्या अंदाजपत्रकाच्या बाहेर होती.

तरीही सात तर बसतील, असे धाकटा म्हणाला. म्हणून तिसरी रांग पाहायला गेलो. मोठ्या गाडीतली तिसरी रांग ही मला आपल्या घरातल्या माळ्यासारखी वाटते. आहे म्हणून सांगायला बरी, रोज वापरायला अवघड. तिथे पोहोचायला मधली रांग दुमडावी लागते. बसल्यावर गुडघे छातीकडे येतात, कारण पायाखालचा तळ उंच आणि आसन बुटके. ती रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे येते. झोपाळ्याच्या टोकाला बसलेल्याला हेलकावा जास्त, तसेच इथे. आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर पहिली उलटी मागच्या पोराला होते ती त्यामुळेच, शिवाय खिडकी लहान असल्याने त्याला रस्त्याचे वळण दिसत नाही. पोटाला कळते, डोळ्याला कळत नाही, आणि त्या दोघांच्या भांडणात मळमळते.

सामानाचेही पाहिले. २०२१च्या सफारीत तिसरी रांग उभी असताना मागे ७३ लिटर जागा उरते, दोन शाळेची दप्तरे कशीबशी मावतील एवढी. पाच माणसांच्या क्रेटात ४३३ लिटर. तुळजापूरला निघालेल्या सात माणसांचे सामान कुठे ठेवणार? टपावर. मग टपावरच्या वजनाने गाडीचा तोल आणखी वर जाणार.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची, आणि तिच्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे. हल्ली पोरेसोरेही ‘फाइव्ह स्टार’ म्हणतात. ते चांगलेच आहे. ग्लोबल एनकॅपने २०१४ साली भारतातल्या गाड्या आपटून पाहायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या गाड्यांचे काय निघाले ते आठवा. २०१६ साली एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते. त्याच घराण्यातल्या स्कॉर्पिओ-एनने २०२२ साली पाच मिळवले. क्रेटाला त्याच वर्षी तीन. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी आली. यावरून बरेच लोक ‘मोठी म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढतात. पण २०२४ साली सात माणसांच्या बोलेरो निओला एकच तारा मिळाला. तारे लांबीला मिळत नाहीत. सांगाड्याची बांधणी, पट्टे आणि एअरबॅगा यांना मिळतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या चाचणीत बाहुले कुठे बसवतात ते पाहावे. समोरच्या धडकेसाठी मोठ्यांचे बाहुले पुढच्या दोन आसनांवर, दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे बाहुले मधल्या रांगेत बालआसनात. वेग ताशी ६४ किलोमीटर. बाजूच्या धडकेचा ५०. मागून ट्रक येऊन आदळला तर काय होते, हे या चाचणीत तपासत नाहीत, आणि तिसऱ्या रांगेत कुणी बसलेलेच नसते. म्हणजे पाच तारे मिळवलेल्या गाडीच्या तिसऱ्या रांगेतल्या पोराबद्दल ते तारे काहीच बोलत नाहीत. आणि आपण तिथे बसवतो कुणाला? पोरांनाच. आमच्या गावाच्या उशाला पुणे-बंगळूर महामार्ग आहे. किणी टोलनाक्याच्या रांगेत उभे असताना मागून येणारा भरलेला ट्रक ज्याने आरशात पाहिला आहे, त्याला तिसऱ्या रांगेचे डोके आणि मागची काच यांच्यातले अंतर मोजावेसे वाटेल. मी मोजले, वीतभर भरले. या रांगेला पूर्ण तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोके टेकायला उशी आहे का आणि बाजूच्या पडद्याची एअरबॅग तिथवर पोहोचते का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत. जुन्या धाटणीच्या काही गाड्यांत मागे समोरासमोर आडवी आसने असतात. तिथे पोर बसवू नये, एवढेच मी म्हणेन. गाडी पुढे आदळते आणि आडवा बसलेला माणूस कडेला फेकला जातो, त्याला अडवायला काही नसते.

मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही हा समज मोठ्या गाडीत जास्त पक्का असतो, कारण आत बसल्यावर किल्ल्यात बसल्यासारखे वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीजची महागडी एसयूव्ही होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेच गेले, पुढचे दोघे वाचले.

उंच गाडीच्या उलटण्याचा हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. भागाकार जितका लहान तितकी गाडी उलटायला सोपी. उसाची ट्रॉली वळणावर का कलंडते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे सूत्र पाठ करावे लागत नाही. अमेरिकेत २००० साली टायर फुटून फोर्ड एक्सप्लोरर उलटण्याच्या अपघातांमुळे फायरस्टोन कंपनीला लाखो टायर परत घ्यावे लागले, तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला. आता इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा बरीच मदत करते. आकार कुठलाही घ्या, ती असलेलीच घ्या.

आणि बाहेरच्यांचे काय? गाडी घेताना आतल्यांचाच विचार होतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या गाड्यांच्या बोनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे त्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. ४० इंच म्हणजे एक मीटर आणि वर दोन बोटे. धाकट्याचा पाच वर्षांचा मुलगा मी त्याच मोजपट्टीने मोजला. त्याची टाळू त्याहून वीतभरच वर येते. म्हणजे अशी गाडी त्याच्या पायाला लागणार नाही, सरळ छातीला आणि डोक्याला लागेल. शिवाय चालकाला बोनेटच्या अगदी समोर असलेले पोर दिसतच नाही. आमच्या गल्लीत क्रिकेटचा स्टंप म्हणून जी वीट उभी असते, ती नेमकी गाडी वळवायच्या जागी असते.

गल्लीची रुंदी दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. कुठेतरी एक मोटारसायकल उभी असतेच, ती सुमारे ८० सेंटिमीटर खाते. उरले सव्वादोन मीटर. कंपनी रुंदी सांगते ती आरसे सोडून. आरसे धरले तर मोठी गाडी साधारण २.१५ मीटर भरते. म्हणजे दोन्ही अंगांना मिळून चार बोटे जागा. मधली गाडीही सुखाने जात नाही, पण जाते. घरासमोरचा पोर्च सोळा फूट लांब. त्यात मोठी गाडी उभी केल्यावर वीतभर जागा उरते, आणि स्कॉर्पिओ-एनचे मागचे दार कपाटासारखे बाजूला उघडते. भिंतीशी टेकवून उभी केली तर ते उघडणारच नाही. हे शोरूमच्या मोकळ्या अंगणात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता आईची गोष्ट. तिच्यासाठीच मोठी गाडी घ्यायची होती. आसनाची कड जमिनीपासून बसणाऱ्याच्या कमरेइतकी असावी, म्हणजे माणूस मागे सरकून बसतो आणि मग पाय आत घेतो. कड कमरेखाली गेली तर गुडघ्यावर भार देऊन खाली बसावे लागते, वर गेली तर चढावे लागते. जुन्या छोट्या गाडीत त्या खाली बसायच्या आणि उठताना कण्हायच्या. ट्रकसारख्या वेगळ्या चौकटीवर बांधलेल्या मोठ्या गाडीत तळच उंच. चौकटीच्या वर डबा बसवलेला असतो, त्याला इलाज नाही. नऊवारीत, एक हात दांडीला आणि एक सुनेच्या खांद्यावर ठेवून त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबल्या. म्हणाल्या, ‘‘मला काय ह्यात चढाय येत न्हाई. शिडी तरी आणा, न्हाईतर गाडी तरी बदला.’’ मग शेजारच्या दालनातल्या मधल्या गाडीत नुसत्या मागे सरकल्या आणि बसल्या. चौकट आणि डबा एकच असलेल्या बांधणीचा हा फायदा. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० मोठ्या असूनही याच बांधणीच्या आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

‘पुरात मोठी गाडी उपयोगी पडते’ हा आमच्या भागातला हुकमी मुद्दा. वडगाव वारणा आणि पंचगंगेच्या मधल्या पट्ट्यात. २०१९ आणि २०२१च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बंद राहिला. तो लहानमोठ्या सगळ्यांना बंद होता. अमेरिकेची हवामान सेवा सांगते की वाहते पाणी फूटभर असले तरी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि दोन फुटांचे एसयूव्हीलाही नेते. हवाबंद डबा पाण्यावर तरंगतो. जितका मोठा तितका जास्त. खड्डे, शेताची वाट, उसाच्या हंगामात चिखलाने भरलेला फाटा यांसाठी उंची हवी हे खरे, पण तेवढी मधल्या गाडीतही मिळते.

पैशाचा हिशेब थोडक्यात देतो. समजा फरक पाच लाखांचा आहे आणि तो कर्जातूनच येणार आहे. ९ टक्के व्याज, सात वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे ८,०४५ रुपयांनी वाढतो. वर्षाला साडेशहाण्णव हजार. भाड्याची मोठी गाडी दिवसाला ३०० किलोमीटर आणि किलोमीटरला २० रुपये धरली तर सहा हजार. म्हणजे त्याच पैशात वर्षातून सोळा दिवस चालकासह मोठी गाडी दारात येते, आणि ती धुवायलाही लागत नाही. शिवाय सक्तीचा तृतीयपक्ष विमा इंजिनावर ठरतो. १,५०० सीसीच्या आत असेल तर नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर असेल तर २४,५९६. महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. वीस लाखांच्या वर दोन्हींत एकेक टक्का वाढतो. टोलमध्ये मात्र फरक नाही, मोटार आणि जीप एकाच वर्गात. वाऱ्याला तोंड देणारा पुढचा भाग मोठ्या गाडीचा रुंदी-उंचीच्या गुणाकाराने एक पंचमांशाहून जास्त मोठा, आणि वजनही बरेच जास्त; इंधनाचे वेगळे सांगायला नको.

इंधन कुठले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ एप्रिल २०२०पासून डिझेल गाडीच्या धुरनळीत काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते, ते महामार्गावर सलग चालल्यावर मिळते. थोरल्याचे दुकान घरापासून दीड किलोमीटर. असे दीड-दीड किलोमीटर वर्षभर चालवले की गाळणी तुंबते आणि तळघराच्या दिव्यासारखा एक पिवळा दिवा लागतो. रोज महामार्गावरून शिरोलीला जाणाऱ्या धाकट्याला डिझेल परवडेल, थोरल्याला नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा, म्हणून टाकीमागे थोडे अंतर कमी भरते. पण ते उसापासूनही होते, आणि ऊस आमचाच, म्हणून त्याविरुद्ध आमच्याकडे फार मोठ्याने कुणी बोलत नाही.

थोरल्या सुनेने गेल्या पाडव्यापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गाडीत किती माणसे बसली ते पेन्सिलीने लिहून ठेवले होते. मी सांगितले म्हणून नव्हे, डिझेलचा हिशेब लागेना म्हणून. बहुतेक दिवशी एक किंवा दोन. रविवारी चार. पाचांहून जास्त बसल्याचे दिवस दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आले: जोतिबाची चैत्र यात्रा, एक लग्न, नृसिंहवाडी, आदमापूर, आणखी थोडे. हे कागद आईपुढे ठेवले तेव्हा त्यांनी आकड्यांवर वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘पाचाची घेतली की एक भाऊ पुढं जाणार, एक मागं ऱ्हाणार. मग मागचा आपली येगळी घेणार.’’

या बोलण्याला माझ्याकडे मोजपट्टी नव्हती. मी एवढेच विचारले की जोतिबाला भाड्याच्या टेंपो ट्रॅव्हलरमधून गेलो तर आठांबरोबर तुमची लेक आणि जावईही येतील, मग घर मोठे झाले की लहान? त्या हसल्या, पण पटले असे म्हणाल्या नाहीत. धाकटा तोवर गप्प होता. त्याने विचारले की दुकानाला गाडी लागत नाही त्या दिवशी ती शिरोलीला न्यायची मुभा असेल का. थोरला ‘असेल की’ म्हणाला, पण लगेच नाही म्हणाला.

मधल्या आकाराची, पेट्रोलची, सहा एअरबॅगांची पाच आसनी गाडी नोंदवली आहे. चाचणीत तिला किती तारे मिळाले ते धाकट्याने स्वतः तपासले. नोंदणीपुस्तकावर नाव कुणाचे घालायचे ते अजून ठरलेले नाही. आईच्या नावावर घ्यावी असे दोघेही म्हणतात. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ज्याच्या नावावर गाडी आणि वाहन परवाना आहे त्यालाच मिळतो; आईकडे परवाना नाही, आणि गाडी चालवणार दोघे भाऊ. त्या दोघांनी स्वतंत्र अपघात विमा घेतला तर हा पेच सुटतो, असे मी सांगितले आहे. कागदपत्रे शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत, गाडी पाडव्याला येईल.